निवडीचे उत्तरदायित्व: मोहर्लीच्या एका मुखपृष्ठाच्या निमित्ताने

निर्मात्याने केलेल्या सर्जनशील निवडीचे समर्थन करता येते काय, आणि करता येत असेल तर ते कोणत्या प्रकारच्या कारणांनी करता येते, हा सौंदर्यशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. सर्जनशील निवड म्हणजे ज्या ठिकाणी एकाहून अधिक मार्ग मोकळे असतात आणि कोणताही नियम त्यांपैकी एकाची सक्ती करीत नाही, अशा ठिकाणी निर्मात्याने पत्करलेला मार्ग. कवी, शिल्पकार किंवा वास्तुकार यांच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु संगणकशास्त्राचा विद्यार्थी जेव्हा आपल्या प्रकल्पातील संकेतस्थळाचे मुखपृष्ठ घेऊन तोंडी परीक्षेला बसतो आणि हेच छायाचित्र का, हाच रंग का, हा मजकूर वर आणि तो खाली का, असे त्याला विचारले जाते, तेव्हाही तत्त्वतः हाच प्रश्न उभा राहतो. तो लहान वाटला तरी त्याची मुळे केवळ कलाविचारात नसून धर्मविचारात आणि नीतिविचारातही पोचलेली आहेत.

विवेचनासाठी एक उदाहरण गृहीत धरणे सोयीचे होईल. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे दक्षिणेकडील सर्वांत वर्दळीचे प्रवेशद्वार मानले जाते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 मध्ये घोषित झाले, अंधारी अभयारण्य 1986 मध्ये अस्तित्वात आले आणि या दोहोंचा मिळून 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. जिप्सी, गाईड, होमस्टे आणि रिसॉर्ट यांनी मोहर्लीचे अर्थकारण बदलले असले, तरी तेंदूपाने, मोहफुले आणि बांबू यांच्याशी जोडलेले तेथील जीवन संपलेले नाही. 2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत, शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने या गावाचे संकेतस्थळ रचले आणि त्याच्या मुखपृष्ठावर वाघाचे छायाचित्र न ठेवता पानगळीतल्या सागवनाचे छायाचित्र ठेवले, पार्श्वभूमीला हिरवा रंग न देता मातकट पिवळा रंग दिला आणि मजकूर प्रथम मराठीत ठेवला, असे मानू. या तिन्ही निवडींचे समर्थन त्याने कसे करावे?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे नेहमी पुढे येतात. पहिले उत्तर आवडीचे: निर्मात्याला तसे आवडले, आणि आवडीला कारण विचारायचे नसते. दुसरे उत्तर नियमाचे: मुखपृष्ठ कसे असावे याचे मान्य संकेत आहेत, त्यांचे पालन झाले असेल तर निवड योग्य आणि झाले नसेल तर अयोग्य. यांपैकी पहिल्या उत्तराने चर्चा सुरू होण्यापूर्वीच संपते, कारण एकाची आवड दुसऱ्याला बांधून ठेवीत नाही. दुसऱ्या उत्तराने निवडीचे सर्जनशील स्वरूपच नाहीसे होते, कारण जे नियमातून निष्पन्न होते ते निवडलेले नसते, केवळ पाळलेले असते. तथापि नियमाचे क्षेत्र मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. सर्वांना वाचता यावे म्हणून संकेतस्थळांसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आखले गेले आहेत, त्यांत सामान्य आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांतील तेजस्वितेचे प्रमाण किमान 4.5 ला 1 असावे, असा मापता येणारा निकष आहे. मंद दृष्टीच्या वाचकाला अक्षर दिसलेच नाही तर निर्मात्याच्या आवडीचा बचाव व्यर्थ ठरतो. परंतु हा निकष पाळूनही असंख्य रंगजोड्या शिल्लक राहतात, आणि खरा प्रश्न त्या शिल्लक क्षेत्रातला आहे.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1790 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निर्णयशक्तीच्या चिकित्सेत या क्षेत्राचे स्वरूप नेमके दाखविले आहे. सुखद आणि सुंदर यांत तो भेद करतो. एखादे पेय सुखद वाटते असे म्हणणारा मनुष्य ते केवळ स्वतःपुरते म्हणत असतो, पण एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणणारा इतरांच्याही संमतीची अपेक्षा करीत असतो. मात्र ही संमती त्याला संकल्पनेच्या आधारे, म्हणजे सिद्धतेच्या मार्गाने, मिळविता येत नाही. त्यामुळे सौंदर्याविषयी वाद घालता येतो, पण तो गणिताप्रमाणे सिद्ध करून संपविता येत नाही. मराठीत रा. भा. पाटणकर यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सौंदर्यमीमांसा’ या ग्रंथात या समस्येचा विस्तृत ऊहापोह केला आणि सौंदर्यविचार दोन ध्रुवांमध्ये फिरतो, असे प्रतिपादन केले. एक ध्रुव अलौकिकतावादाचा, ज्यानुसार कलाव्यवहार हा इतर जीवनव्यवहारांहून सर्वस्वी स्वतंत्र असून त्याचे निकषही स्वतंत्र असतात. दुसरा ध्रुव लौकिकतावादाचा, ज्यानुसार कलेचे मूल्य ज्ञान, नीती आणि उपयोग या जीवनमूल्यांशी जोडलेले असते. संकेतस्थळाचे मुखपृष्ठ हे या दोन्ही ध्रुवांच्या मधोमध उभे असते. ते पाहायचे असते तसेच वापरायचेही असते. म्हणून त्याच्या समर्थनासाठी केवळ रूपाची किंवा केवळ उपयोगाची भाषा अपुरी पडते.

ही दोन्ही अंगे सांभाळणारे समर्थन प्रत्यक्षात कसे असते याची उत्तम उदाहरणे मराठी धर्मपरंपरेत सापडतात, आणि ती सर्व एकाच मोठ्या सर्जनशील निवडीविषयीची आहेत: शास्त्र कोणत्या भाषेत आणि कोणासाठी मांडावे. महानुभाव पंथाच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नागदेवाचार्यांनी केशिराजबासांसारख्या विद्वान शिष्याला संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केल्याची नोंद आहे. त्यामागचे कारण असे की, पंथातील साध्या, वृद्ध स्त्रियांना संस्कृत कळणार नाही आणि त्या वंचित होतील. या समर्थनात भाषेच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा विचार नाही. ज्याच्यासाठी निर्मिती आहे त्याचा विचार आहे. याला ग्राहकाकडून येणारे कारण म्हणता येईल.

ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवासे येथे गीतेवरील टीका मराठीत सांगितली, तेव्हा त्यांनी भाषेच्या निवडीचे समर्थन ग्रंथाच्या ओघातच केले. मात्र त्यांचा भर वेगळ्या ठिकाणी आहे. मराठी ही केवळ अल्पशिक्षितांची सोय नसून तत्त्वविचाराचा गाभा रसाळपणे वाहून नेण्याची शक्ती तिच्यात आहे, असा त्यांचा दावा असून त्या दाव्याचा पुरावा म्हणून त्यांनी स्वतःची रचनाच पुढे ठेवली. हे माध्यमाकडून येणारे कारण होय. यात समर्थन निर्मितीच्या बाहेर उभे राहत नाही, निर्मितीच स्वतःचे समर्थन होते. पुढे एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका काशी येथे 1573 मध्ये पूर्ण केली. परंपरा असे सांगते की, पवित्र ग्रंथ लोकभाषेत आणल्याबद्दल तेथील पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि अखेरीस त्या ग्रंथाचाच गौरव झाला. त्यातील घटनाक्रम परंपरेने जपलेला असला, तरी एकनाथांच्या ग्रंथातील विचार स्पष्ट आहे: ईश्वराला भाषाभाषांत भेद नाही, म्हणून एका भाषेला पावित्र्याची मक्तेदारी देणे हे ईश्वरविचाराशीच विसंगत आहे. हे विषयाकडून येणारे कारण होय, कारण येथे ज्याचे वर्णन करायचे त्या परमार्थाच्या स्वरूपातूनच निवडीची योग्यता दाखविलेली आहे.

ग्राहक, माध्यम आणि विषय या तीन दिशांनी येणारी ही कारणे एकत्र ठेवली असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. ती देणाऱ्यांपैकी कोणीही स्वतःच्या आवडीचा आधार घेतला नाही आणि कोणीही प्रस्थापित संकेताचा आधार घेतला नाही. उलट प्रत्येकाने प्रस्थापित संकेत मोडला आणि तरीही आपण कोणाचे तरी देणे लागतो ही जाणीव ठेवून मोडला. समर्थन म्हणजे स्वतःचा बचाव, ही समजूत येथे अपुरी ठरते. समर्थन म्हणजे निर्मिती कोणाकोणाला उत्तरदायी आहे हे स्पष्ट करणे.

संस्कृत साहित्यशास्त्राने या उत्तरदायित्वाला औचित्य हे नाव दिले. औचित्य म्हणजे एका घटकाचे दुसऱ्या घटकाशी आणि सर्व घटकांचे विषयाशी असलेले अनुरूपत्व. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अनौचित्य हेच रसभंगाचे प्रमुख कारण मानले, तर अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्याला काव्याचा प्राण ठरवून शब्द, अलंकार, रस यांच्या जोडीने देश आणि काल यांच्या औचित्याचाही विचार केला. देश म्हणजे स्थान आणि काल म्हणजे ऋतू किंवा वेळ. जे एका स्थानी शोभते ते दुसऱ्या स्थानी शोभेलच असे नाही, आणि एका ऋतूचे वर्णन दुसऱ्या ऋतूवर लादता येत नाही. मोहर्लीच्या मुखपृष्ठासाठी हे दोन निकष विशेष उपयोगी आहेत.

कालौचित्याचा विचार केल्यास मातकट पिवळ्या रंगाचे समर्थन सहज स्पष्ट होते. ताडोब्याचे वन हे शुष्क पानझडी प्रकारचे आहे. सागाची पाने गळून उन्हाळ्यात डोंगरउतार उघडे पडतात, गवत वाळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे मोजके उरल्यामुळे वन्यप्राणी त्यांच्या आसपास एकवटतात. त्याच काळात पर्यटकांची गर्दी सर्वाधिक असते, तर ज्या पावसाळ्यात हे वन दाट हिरवे होते त्या जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत गाभाक्षेत्र पर्यटनासाठी बंद असते. त्यामुळे वर्षभर एकच गर्द हिरवे चित्र दाखविणारे मुखपृष्ठ पाहणाऱ्याच्या मनात जे वन उभे करते ते त्याला प्रत्यक्षात क्वचितच भेटते. जंगल म्हणजे हिरवे हा संकेत बाजूला ठेवून पानगळीचा रंग घेणारा विद्यार्थी सत्याशी जवळीक साधतो, आणि हे कारण तो दाखवूनही देऊ शकतो.

देशौचित्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तो वाघाच्या छायाचित्राशी आणि त्यामागच्या श्रद्धेशी निगडित आहे. मंदिराच्या द्वारपट्टीच्या मध्यभागी जी प्रतिमा कोरलेली असते तिला ललाटबिंब म्हणतात, आणि गर्भगृहात कोणाचे वास्तव्य आहे याची सूचना अनेकदा तिच्यावरून मिळते. मुखपृष्ठावरील मुख्य चित्र हे त्या ललाटबिंबासारखे असते; आत येणाऱ्याला ते सांगते की, येथे मुख्य कोण आहे. मोहर्लीच्या पृष्ठावर केवळ वाघ असेल तर या भूमीत वाघच मुख्य आहे आणि माणूस हा पाहुणा किंवा सेवक आहे, असे विधान शब्दांविना केले जाते. हे विधान सर्वस्वी खोटे नाही, कारण व्याघ्र प्रकल्पाचे प्रयोजनच ते आहे आणि गावातील अनेक कुटुंबांची उपजीविका वाघामुळे चालते. परंतु ते अपुरे आहे. ताडोबा तलावाच्या काठी तारू या देवतेचे स्थान आहे. आख्यायिकेनुसार तारू हा गावप्रमुख होता, वाघाशी झालेल्या झुंजीत तो मरण पावला आणि पुढे त्याला देवत्व लाभले. पौष महिन्यात त्याची जत्रा भरण्याची परंपरा आहे आणि गोंड समाजाची त्याच्यावर श्रद्धा आहे. या आख्यायिकेत वाघ हा प्रेक्षणीय वस्तू नाही. माणूस आणि वाघ हे दोघेही त्या भूमीचे वाटेकरी आहेत, त्यांचे नाते भयाचे आणि आदराचे आहे, आणि त्या नात्याची किंमत माणसाने प्राण देऊन मोजलेली आहे. पहाटे मोहफुले वेचण्यासाठी किंवा तेंदूपाने तोडण्यासाठी वनात जाणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी हे नाते आजही पुराणकथा नाही. नवेगाव आणि जामणी यांसारख्या गावांनी तर या वनासाठी आपली जागाच सोडली आहे.

मग वाघाऐवजी तारूच्या स्थानाचे छायाचित्र मुखपृष्ठावर घ्यावे काय? येथे धार्मिक प्रश्न उपस्थित होतो. जी वस्तू उपासकांसाठी पूज्य आहे ती इतरांसाठी सजावट झाली म्हणजे तिचे स्वरूप बदलते. देवतेचे दर्शन हे स्थान, वेळ आणि आचार यांच्या मर्यादेत घडते. मुखपृष्ठावरील प्रतिमा मात्र कोणाच्याही पडद्यावर, कोणत्याही वेळी, आरक्षणाच्या सूचनेशेजारी उमटते. आख्यायिका सांगणे आणि प्रतिमा वापरणे यांत फरक आहे. आख्यायिका ऐकणाऱ्याला संबंधांची जाणीव देते, तर संदर्भावाचून वापरलेली प्रतिमा पाहणाऱ्याला केवळ वेगळेपणाचे कुतूहल देते. म्हणून विद्यार्थ्याने तारूची कथा आतील पृष्ठावर विस्ताराने सांगितली, मुखपृष्ठावर मात्र देवस्थानाचे चित्र घेतले नाही, आणि ज्या वनात वाघ, देव व माणूस हे तिघेही राहतात ते वनच पुढे ठेवले, तर त्याने वगळलेल्या गोष्टीही त्याच्या समर्थनाचा भाग होतात. सर्जनशील निवडीत वगळणे हे घेण्याइतकेच बोलके असते. काय घेतले याचे कारण सांगणारा निर्माता अर्धेच उत्तर देतो, काय टाळले आणि का टाळले हे सांगितल्यावर ते पूर्ण होते.

येथपर्यंतची कारणे अर्थाच्या पातळीवरची आहेत. परंतु मुखपृष्ठ डोळ्यांनी पाहायचे असल्यामुळे त्याला रूपाची पातळीही आहे, आणि त्या पातळीवर मराठी कवी व समीक्षक बा. सी. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त मार्गदर्शक ठरतो. मर्ढेकरांनी सौंदर्याची उपपत्ती संवेदनांच्या लयबद्ध रचनेत शोधली आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तत्त्वे मानली. संवाद म्हणजे घटकांमधील मेळ, विरोध म्हणजे त्यांच्यातील ताण, आणि समतोल म्हणजे मेळ व ताण यांना तोलून धरणारी व्यवस्था. मातकट पार्श्वभूमी आणि सागवनाचे चित्र यांत संवाद आहे. त्यावर गडद अक्षरांत येणारे गावाचे नाव विरोध निर्माण करते. आणि एका बाजूस मोकळी सोडलेली जागा दुसऱ्या बाजूच्या मजकुराला तोलते. मोकळी जागा दिसली की परीक्षकाला ती अपुरेपणाची खूण वाटण्याचा संभव असतो. परंतु समतोलाच्या तत्त्वानुसार रिकामी जागा हा रचनेचा सक्रिय घटक ठरतो. शिवाय वनक्षेत्रातील गावांत मोबाइलचे जाळे दुबळे असते; मोजक्या चित्रांचे हलके पृष्ठ तेथे लवकर उघडते, तर जड चलच्चित्राचे पृष्ठ ज्या गावाविषयी आहे त्याच गावात उघडत नाही. रूपाचे कारण आणि उपयोगाचे कारण येथे एकमेकांना बळ देतात. मराठी मजकूर प्रथम ठेवण्याच्या निवडीमागेही नागदेवाचार्यांचेच तत्त्व आहे: बाहेरून येणाऱ्या पर्यटकासाठी इंग्रजी किंवा हिंदी मजकूर अवश्य असावा, परंतु ज्यांचे गाव आहे त्यांना आपल्याविषयी काय लिहिले आहे हे वाचून तपासता आलेच पाहिजे.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. निर्मिती ही प्रतिभेतून होते, विचारपूर्वक मांडलेल्या कारणांतून होत नाही. त्यामुळे नंतर सांगितलेली कारणे ही खरी कारणे नसून मागाहून रचलेली असतात, असा तो आक्षेप आहे. यात तथ्य आहे. विद्यार्थ्याने पिवळा रंग निवडताना क्षेमेंद्राचे स्मरण केले असेल असे कोणीही मानणार नाही. परंतु या आक्षेपात कारण आणि उगम या दोन गोष्टींची गल्लत होते. निवड मनात कशी उगवली हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे, ती टिकण्याजोगी आहे काय हा मूल्याचा प्रश्न आहे. संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने काव्याच्या हेतूंमध्ये शक्ती म्हणजे प्रतिभेच्या जोडीला निपुणता आणि अभ्यास यांनाही स्थान दिले, ते यासाठीच. प्रतिभेने सुचविलेले अभ्यासाने तपासावे लागते, आणि त्या तपासणीत जे टिकते तेच निर्मात्याचे खऱ्या अर्थाने स्वतःचे होते. मागाहून शोधलेले कारण जर त्याला आपल्याच निवडीत अधिक खोल पाहायला लावत असेल आणि न पटल्यास ती निवड बदलायला तयार करीत असेल, तर ते कारण प्रामाणिक आहे. जे कारण कोणतीही निवड वाचवू शकते, तेच काय ते बनावट असते.

समर्थन ऐकणाऱ्याची जबाबदारीही यातूनच निष्पन्न होते. त्याच साहित्यशास्त्रातील अभिनवगुप्ताच्या विवेचनात सहृदय म्हणजे ज्याचे मन काव्याच्या परिशीलनाने निर्मळ झालेले असून जो वर्ण्यविषयाशी तन्मय होऊ शकतो असा रसिक. सौंदर्याविषयीचे कारण हे अशाच मनापर्यंत पोचते. परीक्षकाने सहृदय होणे म्हणजे विद्यार्थ्याशी सहमत होणे नव्हे, तर निर्णय देण्यापूर्वी त्याने दाखविलेल्या दिशेने पाहणे होय. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने या वृत्तीला सामूहिक रूप दिले आहे. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या या गावात निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे, आणि निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेच्या जोडीला केवळ समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालतो. समजून घेण्याची जागा आणि निर्णयाची जागा वेगळी ठेवल्यामुळे, मत मांडणाऱ्याला जिंकण्याची घाई राहत नाही आणि ऐकणाऱ्याला हरण्याचे भय राहत नाही. तोंडी परीक्षेत गुण देण्यापूर्वी असा अभ्यासगटाचा काळ असला पाहिजे. विशेषतः गावाविषयीचे संकेतस्थळ असेल तर त्या अभ्यासात गावातील माणसांचाही वाटा असावा, कारण ज्याचे चित्र काढले जाते त्याला त्या चित्राविषयी बोलण्याचा अधिकार परीक्षकापेक्षा कमी नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, सर्जनशील निवडीचे समर्थन शक्य आहे, परंतु ते सिद्धतेच्या स्वरूपाचे नसते. ते दर्शविण्याच्या स्वरूपाचे असते. विषय, माध्यम आणि ग्राहक यांच्याविषयीचे आपले देणे निर्मात्याने स्पष्ट करावे, जे मापता येते ते मापून दाखवावे, जे वगळले त्याचेही कारण द्यावे, आणि एवढे झाल्यावर पाहणाऱ्याला स्वतंत्रपणे पाहू द्यावे. ज्याला कारणे देताच येत नाहीत त्याची निवड कदाचित सुंदर असेल, पण तिची जबाबदारी त्याने अद्याप स्वीकारलेली नाही. आणि कारणे ऐकूनही जो परीक्षक केवळ रूढ नमुन्याशी ताडून गुण देतो, त्याने परीक्षा घेतलेलीच नाही. विदर्भातील महाविद्यालयांनी प्रकल्पाच्या मूल्यमापनात निवडीच्या कारणांना स्वतंत्र स्थान द्यावे आणि त्या कारणांत स्थानिक भूमी, ऋतू, श्रद्धा व माणसे यांचा विचार झाला आहे काय, हे आवर्जून पाहावे. वनप्रदेशातील गावांचे चित्र आज प्रामुख्याने बाहेरचे लोक रंगवीत आहेत. ते चित्र तेथील विद्यार्थ्यांनी, पूर्ण उत्तरदायित्वाने, स्वतः रंगविणे आवश्यक आहे.